तांदळाच्या दाण्याएवढा पुरावा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २००६ साली खडकाची एक लादी फोडली गेली. वालाची शेंग उघडावी तशी ती दोन फाकांत उघडली आणि आत बसलेला किडा डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत वाटला गेला. अर्धा या फाकेत, अर्धा त्या फाकेत. पुढे जीवाश्मांच्या व्यापाऱ्याने त्या दोन फाका दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकल्या. धंद्याच्या हिशेबाने बरोबरच म्हणा, एका किड्याचे दोनदा पैसे.

हा किडा ५ कोटी वर्षं जुना आहे. तो दगडात गाडला गेला तेव्हा आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ थंड होऊन दीड कोटी वर्षं उलटली होती. इलिनॉय विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी डॅनियल स्वान्सन, इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हेमधले पुराजीवशास्त्रज्ञ सॅम हेड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही फाकांचा माग काढून त्या पुन्हा शेजारी शेजारी ठेवल्या आणि जानेवारी २०२१मध्ये ही नवी जात जगापुढे आली. एका संग्राहकाने आपल्याकडची फाक संस्थेला देऊनच टाकली होती, म्हणून जातीच्या नावात त्याचं नाव गुंफलं आहे: अ‍ॅफेलिकोफॉन्टिस डॅनजुडाय. उच्चारताना जीभ अडखळते खरी. पण त्यातल्या पहिल्या शब्दाच्या शेवटी असलेल्या 'फॉन्टिस'कडे लक्ष द्या. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मारणारा.

मारणारा का, तर हा किडा रेड्युव्हिडी कुळातला. इंग्रजीत या कुळाला असॅसिन बग म्हणतात. आपण मारेकरी ढेकूण म्हणू. ढेकूण, मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण हे सगळे यांचे दूरचे भाऊबंद. सगळ्यांचं तोंड सुईसारखं, टोचायचं आणि ओढून घ्यायचं. फरक एवढाच, की मावा झाडाचा रस ओढतो, ढेकूण आपलं रक्त ओढतो आणि मारेकरी दुसऱ्या किड्याला आतून पातळ करून पितो.

जगात या कुळाच्या सुमारे ७,००० जाती नोंदलेल्या आहेत, त्यामुळे हे प्रकरण फक्त कोलोरॅडोचं नाही. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेतात वाकून बघायची सवय असलेल्या माणसाने याच कुळातला रायनोकोरिस नक्की पाहिलेला असतो. लाल-काळा, लांब तंगड्यांचा, पानावर संथपणे चालणारा. बरेच जण त्याला कपाशीवरचा लाल ढेकूण समजून चिरडतात, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण लाल ढेकूण पिकाचा शत्रू आणि हा पिकाचा राखणदार. घाटेअळी आणि लष्करी अळी हे त्याचं रोजचं जेवण. दोघांना ओळखायचं असेल तर रंग बघू नका, किड्याला बाजूने बघा. लाल ढेकणाची सोंड सरळ असते आणि वापरात नसताना पोटाखाली चिकटून पडलेली असते. मारेकऱ्याची सोंड जाड, आखूड आणि आकड्यासारखी वाकलेली. डोकं आणि सोंड यांच्यामध्ये फट दिसते. एवढी एक खूण पाठ असली तरी चुकून होणारी बरीच कत्तल टळेल.

सोंडेपासूनच सुरुवात केली आहे तर तिथे जरा थांबू. बाहेरून दिसते ती तीन पेरांची म्यान. आतल्या सुया चार, केसासारख्या. बाहेरच्या दोन सुयांच्या टोकाला काटे असतात. त्या भक्ष्याच्या कातडीत रुतून बसतात आणि पकड सुटू देत नाहीत. आतल्या दोन एकमेकींत खाचेत खाच अडकवून जोडलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत दोन नळ्या तयार होतात. एक लाळ आत सोडायची, दुसरी पातळ झालेला माल वर ओढायची. अळी टोचली गेली की क्षणभर तडफडते, मग सैल पडते. पुढे बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. मारेकरी तिला सोंडेवर लटकवून सावकाश पानामागे जातो, मधूनमधून सोंड काढून दुसऱ्या जागी खुपसतो, आणि शेवटी खाली पडतं ते रिकामं कातडं.

ही लाळही साधी नाही. प्रिस्थेसँकस प्लॅजिपेनिस या ऑस्ट्रेलियन जातीवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिच्या विषग्रंथीचे पुढचे आणि मागचे दोन कप्पे दोन वेगळी विषं बनवतात. मागच्या कप्प्यातलं विष शिकारीला लुळं करतं. पुढच्या कप्प्यातलं स्वतःच्या बचावासाठी, कुणी धरलं-छळलं तर वापरायचं. जेवणाचं वेगळं आणि भांडणाचं वेगळं.

डोकं लांबट, डोळे बटबटीत, आणि डोळ्यांच्या मागे डोकं निमुळतं होत मानेसारखं दिसतं. किड्याला मान असावी हे जरा विचित्र वाटतं, पण मारेकऱ्यांची ती मोठी ओळख आहे. छातीच्या खालच्या बाजूला, पुढच्या पायांच्या मध्ये, एक पन्हळ असते. तिच्यात आडव्या बारीक रेघा. सोंडेचं टोक त्या पन्हळीत बसतं आणि किड्याला धरलं तर तो ते टोक रेघांवर घासून करकर आवाज काढतो. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखा. पंख पाठीवर घडी घालून ठेवलेले, पुढच्या जोडीचा मुळाकडचा भाग चिवट आणि टोकाकडचा पातळ पडद्यासारखा.

कोलोरॅडोच्या किड्यात यातलं बरंच काही ओळखता येतं, आणि वर एक चैनीची गोष्ट म्हणजे पायांवरचे गडद-फिके पट्टे. ५ कोटी वर्षांनंतर पायावरची नक्षी शिल्लक! याचं श्रेय ग्रीन रिव्हर नावाच्या खडकथराला. कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांत पसरलेला हा थर म्हणजे इओसीन, म्हणजे या किड्याच्याच काळातल्या मोठमोठ्या सरोवरांचा तळ. तिथे बारीक गाळ कागदाच्या गठ्ठ्यासारखा पापुद्र्यावर पापुद्रा साचत गेला. पाण्यात पडलेला किडा त्या दोन पापुद्र्यांमध्ये दाबला गेला की झालं. इथले माशांचे जीवाश्म तर इतके मुबलक, की ते भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात.

पण पट्टेदार पायांवर नवी जात उभी करता येत नाही. रंग आणि पट्टे फसवतात. एकाच जातीत चार रंग दिसतात आणि चार जाती एका रंगात फिरतात. मग कीटकशास्त्रज्ञ शेवटी जिथे जातात ती जागा म्हणजे नराच्या पोटाचं टोक. या विषयावर कीटकशास्त्राबाहेरच्या मंडळींसमोर बोलायला लागलं की खोलीत हसू फुटतं, त्यामुळे लेखांतही तो भाग चटकन उरकला जातो. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

मारेकरी ढेकणात पोटाचा नववा खंड वाटीसारखा बनलेला असतो. त्याला पायगोफोर म्हणतात. जननेंद्रियांची डबीच म्हणा ना. या डबीत बाजूला दोन आकडे, ज्यांचा उपयोग मादीला धरायला होतो, आणि मध्ये शिश्न. शिश्न मऊ असलं तरी त्याला आधाराला कठीण पट्ट्या, चौकटी, आवरणं असतात. नेमक्या या कठीण भागांचे आकार जातीगणिक वेगळे असतात. मिशी, पंख, पाय सगळं एकसारखं असलेल्या दोन जाती इथे मात्र वेगळ्या निघतात. 'कुलूप आणि किल्ली' ही जुनी कल्पना सांगते, की चुकीच्या जातीशी जुळू नये म्हणून हे भाग वेगळे झाले. आज बहुतेकांचा कल मादीच्या निवडीकडे आणि नर-मादीच्या ओढाताणीकडे आहे. कारण काहीही असो, हे भाग झपाट्याने बदलतात आणि म्हणून ओळखपत्राचं काम करतात.

ताज्या किड्यात हे बघायची रीत ठरलेली आहे. पोटाचं टोक कापायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचं म्हणजे मांस विरघळून कठीण सांगाडा उरतो, मग तो ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चित्र काढायचं. चित्र काढताना मान मोडते आणि ग्लिसरीनमध्ये तो तुकडा हमखास नको त्या बाजूला वळतो. पण दगडातल्या किड्याचं काय करणार? दगड ग्लिसरीनमध्ये भिजत नाही. जीवाश्मात बहुधा पायगोफोरची फक्त बाहेरची गोलाई दिसते, बंद डबी.

आणि इथे ती चीर कामाला आली. २००६ साली लादी फुटताना ही डबीसुद्धा बरोबर मधून उघडली. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. एरवी किडा तुटला म्हणून आपण हळहळलो असतो, पण तुटला नसता तर आतलं कधीच दिसलं नसतं. आत शिश्नाला आधार देणारी कठीण पट्टी आहे, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराची. शिवाय शिश्न आत ओढून घ्यायच्या पिशवीसारख्या आवरणाची कडा दिसते. ५ कोटी वर्षांपूर्वीच्या किड्यात बाहेरचे अवयवच पूर्ण मिळणं विरळ, तिथे आतली ही रचना. रिकीब एका फाकेत आणि तिची जुळी छाप दुसऱ्या फाकेत अशी पडताळणी करता येते. दोन गिऱ्हाइकांकडे दोन तुकडे राहिले असते तर ती कुणालाच करता आली नसती.

विक्रम मात्र या किड्याच्या नावावर नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे हार्व्हेस्टमन, म्हणजे लांब तंगड्यांचे कोळ्यांचे नातलग, जननेंद्रियांसकट सापडलेले आहेत.

या सगळ्यातून एक हिशेब मात्र बदलला. हा किडा पट्टेदार मारेकऱ्यांच्या ज्या गटात बसतो असं संशोधकांना वाटतं, तो गट आतापर्यंतच्या समजुतीपेक्षा सुमारे अडीच कोटी वर्षांनी जुना निघाला. जीवाश्माच्या वयाचा अर्थ सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा घ्यायचा असतो. १९५० साली एखाद्याचं नाव लागलेलं दिसलं तर तो त्याआधी जन्मला एवढं नक्की. किती आधी, ते नोंद सांगत नाही. आणि मारेकऱ्यांच्या नोंदी फारच थोड्या आहेत. ७,००० जिवंत जातींसमोर जीवाश्म जेमतेम ५०. अशा वेळी वंशवृक्षावरची एक पक्की तारीख सगळी फांदी मागे ओढते. ती तारीख लावायला आधी किडा कुठल्या फांदीचा हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना त्या रिकिबीचा आधार मिळाला.

आपल्या शेतातल्या रायनोकोरिसचं पायगोफोर बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. मेलेला किडा उलटा करा. पोटाचं टोक गोलसर, वाटी पालथी घातल्यासारखं असेल तर नर. मध्ये उभी फट आणि दोन्ही बाजूंना चपट्या पट्ट्या असतील तर मादी. जिवंत किड्यावर हा प्रयोग करू नका. पुढच्या कप्प्यातलं विष त्याने अशाच प्रसंगासाठी राखून ठेवलेलं असतं, आणि त्याचा डंख गांधीलमाशीपेक्षा सौम्य नसतो. रात्री दिव्यावर आलेला मारेकरी हातावर बसलाच तर चिमटीत धरू नका. फुंकर मारा.