एस-१२ प्रथिन आणि स्ट्रेप्टोमायसिन-प्रतिरोध

रायबोसोममधील (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रातील) प्रथिनात बदल होऊन प्रतिजैविक निष्प्रभ होण्याचे अभिजात उदाहरण. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी वेगळे केले. क्षयावर ते लागू पडले. पण १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीतच अनेक रुग्णांमधले जंतू उपचार चालू असताना औषधाला दाद देईनासे झाले होते.

रायबोसोमचे लहान आणि मोठा असे दोन उपघटक असतात; हे औषध लहान उपघटकात, मुख्यतः त्यातल्या १६-एस आरएनए या रेणूला, चिकटते. मग प्रथिन कसे जुळवायचे याचे जनुकीय संकेत चुकीचे वाचले जातात आणि सदोष प्रथिने तयार होतात. ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूच्या या उपघटकात २१ प्रथिने असतात; त्यांना एस-१, एस-२ असे क्रमांक आहेत. त्यांतले कोणते बदलले की प्रतिरोध येतो, याचा छडा १९६९ साली मासायासू नोमुरा व सहकाऱ्यांनी लावला. त्यांनी उपघटक सुटा करून पुन्हा जुळवला: एकच प्रथिन प्रतिरोधक जीवाणूचे, बाकी सारे संवेदनशील जीवाणूचे. ते एक प्रथिन एस-१२ असले की जुळवलेला उपघटक औषधाला बधत नसे. इतका स्वच्छ पुरावा जीवरसायनशास्त्रात क्वचितच मिळतो.

एस-१२ मधला बदल बहुधा एकाच अमिनो आम्लाचा (प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्याचा) असतो. ४२व्या जागी लायसिनऐवजी अ‍ॅस्परजिन किंवा थ्रिओनिन आले, तर रायबोसोम गरजेपेक्षा जास्त काटेकोर होतो. चुका घटतात, पण वेग मंदावतो आणि जीवाणूची वाढ खुंटते. असे बदल झालेले काही जीवाणू तर औषधाशिवाय वाढतच नाहीत. पुढे एस-४ किंवा एस-५ मध्ये दुसरा बदल होऊन हा अतिकाटेकोरपणा सैलावू शकतो आणि प्रतिरोध टिकूनही वाढ सावरते. म्हणून औषध थांबवल्याने प्रतिरोध आपोआप ओसरेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याच जागी आर्जिनिन आले तर मात्र जवळपास काहीच किंमत मोजावी लागत नाही. क्षयरुग्णांच्या जंतूंत हाच बदल सर्वाधिक सापडतो. तिथे तो ४३व्या क्रमांकाचा मानतात, कारण मोजणी आरंभीच्या मेथिओनिनपासून होते.

ई. कोलायमध्ये रायबोसोमी आरएनएच्या जनुकांचे ७ संच असल्याने एका संचातला बदल झाकला जातो. क्षयजंतूत संच एकच. त्यामुळे तिथे १६-एस आरएनएतील बदलानेही प्रतिरोध येतो.

मोठ्या उपघटकातही असे बदल होतात. त्यातल्या प्रथिनांना एल-१, एल-२ असे क्रमांक आहेत. एल-४ मधील बदलाने एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची पकड ढिली पडते. एल-२२ मधील तीन अमिनो आम्ले गळाली तर औषध चिकटते, पण तयार होणाऱ्या प्रथिनाची बाहेर पडण्याची वाट अडत नाही. क्षयजंतूच्या एल-३ मध्ये १५४व्या सिस्टीनऐवजी आर्जिनिन आले, की लिनेझोलिड हे प्रतिजैविक निकामी ठरते.