तहसीलचा लिलाव आणि फायनान्सचा लिलाव: ट्रॅक्टर सारखाच, कागद वेगळे

तालुक्याच्या गावी जुने ट्रॅक्टर धूळ खात उभे असलेली दोन आवारं असतात. एक तहसील कचेरीचं किंवा पोलीस ठाण्याचं. तिथले ट्रॅक्टर बहुतेक विनापरवाना वाळू-मुरूम वाहताना पकडलेले. दुसरं गावाबाहेर, रस्त्याला लागून, पत्र्याचं कुंपण घातलेलं. तिथे हप्ते थकले म्हणून फायनान्सने ओढून आणलेले ट्रॅक्टर लावलेले असतात. लिलाव दोन्हीकडे होतो. 'जसे आहे, जेथे आहे' ही अट दोन्हीकडे असते. त्यामुळे कोणी "ट्रॅक्टर लिलावात घेतला" म्हणालं की ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. आरटीओत मात्र ते एक नाहीत. मालकी नावावर चढवण्याचा फॉर्म वेगळा, पैसे भरण्याची मुदत वेगळी, आणि मशीन झिजलंय तेही वेगळ्या जागी. एका लिलावाचा हिशोब दुसऱ्याला लावला, की ट्रॅक्टर दारात उभा राहतो पण नावावर होत नाही.

फॉर्म ३२ कोणाला मिळतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५७ जाहीर लिलावात घेतलेल्या वाहनासाठी आहे. त्याखाली फॉर्म ३२ भरायचा आणि ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. सोबत आरसी (वाहनाचं नोंदणी प्रमाणपत्र), विमा, लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम झाल्याचं पत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत लागते. जुन्या मालकाची सही लागत नाही. फॉर्म ३२ चं खरं मोल इथेच आहे.

पण हा नियम फक्त केंद्र किंवा राज्य सरकारने, अथवा त्यांच्या वतीने घेतलेल्या लिलावाला लागू आहे. नेमका इथेच घोळ होतो. 'लिलाव राष्ट्रीयीकृत बँकेचा आहे, म्हणजे सरकारीच' असं धरून लोक फॉर्म ३२ भरून आणतात आणि खिडकीवरून परत येतात. बँक सरकारी मालकीची असली तरी ती थकीत कर्ज वसूल करत असते, सरकारच्या वतीने लिलाव करत नसते. या कामापुरती राष्ट्रीयीकृत बँक आणि खासगी फायनान्स यांना एकाच रांगेत धरा.

फायनान्सच्या लिलावाचा रस्ता लांबचा आहे. कर्ज देणाऱ्याने ट्रॅक्टर ताब्यात घेतला आणि मूळ मालक आरसी देत नसेल किंवा फरार असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ खाली कंपनी फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावाने नवी आरसी मागते. आरटीओ आधी मूळ मालकाला नोटीस पाठवतं, त्याचं म्हणणं मांडायला संधी देतं आणि मगच आरसी कंपनीच्या नावावर होते. तिथून पुढे नेहमीची खरेदी-विक्री: विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०. म्हणजे ट्रॅक्टर आधी कंपनीच्या नावावर चढतो, मग तुमच्या.

पैसे भरायच्या आधी कंपनीला एकच प्रश्न विचारा: फॉर्म ३६ वरची आरसी निघालेली आहे का? "निघेल" हे उत्तर पुरेसं नाही. काही ठिकाणी ही पायरी वगळतात आणि कर्ज देतानाच मूळ मालकाच्या कोऱ्या सह्या घेतलेले फॉर्म २९-३० खरेदीदाराच्या हातात ठेवतात. सही आरटीओच्या नोंदीशी जुळली नाही, किंवा ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर गेला, तर तो तुम्हाला कोण देणार? ज्याच्या दारातून ट्रॅक्टर ओढून नेला, त्याच्याकडे मदत मागायला जायची वेळ येते.

आरसीवरचा बोजा

बोजा म्हणजे आरसीवर असलेली कर्ज देणाऱ्याची नोंद. फायनान्सकडून घेताना तो उतरवणं तुलनेने सोपं, कारण ज्याचा बोजा तोच विकणारा. फॉर्म ३५ (कर्जाचा करार संपल्याची सूचना) दोन प्रतींत आणि त्यासोबत ना-हरकत पत्र घ्या. चेसिस नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. एक आकडा चुकला तरी पत्र पुन्हा मागवावं लागतं.

तहसीलच्या लिलावात बोजा हाच सगळ्यात मोठा धोका आहे. वाळूत पकडलेला ट्रॅक्टर अनेकदा कर्जाचाच असतो. तहसीलने तो दंडाच्या वसुलीसाठी विकला म्हणून आरसीवरची बँकेची नोंद आपोआप पुसली जात नाही. बोलीच्या आधी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून तीन गोष्टी बघा: फायनान्सरचं नाव आहे का, ब्लॅकलिस्टची नोंद आहे का आणि ई-चलन किती थकलंय. फायनान्सरचं नाव दिसलं तर तहसीलदारांना लेखी अर्ज देऊन विचारा की बँकेला नोटीस दिली होती का आणि तिचं उत्तर काय आलं. त्या अर्जाची पोच जपून ठेवा. समाधानकारक उत्तर नसेल, तर ट्रॅक्टर कितीही स्वस्त जात असला तरी बोली न लावलेली बरी.

दुसरा प्रश्न पोलीस ठाण्याचा. वाळूचोरीचा गुन्हा दाखल असेल तर ट्रॅक्टर त्या गुन्ह्यातला मुद्देमालही असू शकतो. मग महसूलच्या आदेशाबरोबर न्यायालयाचा आदेश बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि नंबर प्लेट. वाळूच्या ट्रॅक्टरवर नंबर खोटा निघणं किंवा नंबरच नसणं नवीन नाही. नियम ५७ मध्ये यावरही वाट आहे: आरटीओ त्या वाहनाला लिलाव करणाऱ्या सरकारी खात्याच्या नावाने नवा नंबर देतं आणि मग तुमच्या नावावर हस्तांतराची नोंद करतं. चेसिस नंबर मात्र शाबूत हवा. चेसिसवरचा गंज आणि माती कापडाने पुसा, नंबर खडूने घासून उठवा, कागदावर पेन्सिलने छाप घ्या. आकड्यांभोवती ग्राइंडरच्या रेषा किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच मागे फिरा.

बोली आणि पैसे

दोन्हीकडे आधी अनामत भरावी लागते. तहसीलच्या लिलावात हातची किंमत, म्हणजे बोलीची किमान किंमत, बहुधा आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने केलेल्या मूल्यांकनावरून ठरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे, जंगम मालाची विक्री कायम होण्याच्या अटीवर असेल तर बोली तुमच्यावर सुटताच २५ टक्के रक्कम जागेवर भरावी लागते. समजा बोली ३,२०,००० ला थांबली, तर ८०,००० तिथेच. नाही भरले तर माल लगेच पुन्हा लिलावाला निघतो. विक्री कायम झाल्याचं कळवलं, की दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत उरलेली सगळी रक्कम भरायची. तो दिवस सुटीचा असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जुन्या कायद्यातला हा 'सूर्यास्त' लोक गांभीर्याने घेत नाहीत. कर्ज मंजूर होईपर्यंत थांबायला इथे जागा नाही, पैसे हातात असतील तरच उतरा.

फायनान्सच्या लिलावात मुदत कंपनीच्या अटींप्रमाणे असते. शिवाय बऱ्याचदा जिंकलेली बोली म्हणजे विक्री नव्हे. सर्वात मोठी बोली कंपनीच्या मंजुरीला जाते आणि त्यांच्या मनातल्या किमतीला पोचली नाही तर नाकारली जाते. अटींच्या पानात तीन ओळी शोधा: जीएसटी बोलीत धरलाय की वर, लिलाव चालवणाऱ्याचं शुल्क किती, आणि ताबा उशिरा घेतला तर यार्डाचं रोजचं भाडं कधीपासून. बोली कमी वाटते ती या तीन ओळींमुळेच.

मशीन कुठे झिजलंय

कागदाइतकाच फरक यंत्रात आहे, आणि तो ट्रॅक्टरने काय काम केलं त्यातून येतो.

वाळूचा ट्रॅक्टर ट्रॉली ओढून आणि नदीपात्रात शिरून झिजलेला असतो. पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि हायड्रॉलिक लिफ्ट त्याने फारशी वापरलेली नसते, म्हणून "लिफ्ट एक नंबर आहे" या शब्दावर भाव वाढवू नका. बघायचं ते क्लच, ब्रेक, मागचा एक्सल, पुढच्या चाकांचे हब आणि ट्रॉलीचा हुक. हुकाचं भोक लांबट झालंय का, पिन ढिली खेळते का, हे बोट घालून बघा. जॅक मिळाला तर पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा आणि हाताने फिरवा. खरखर लागली म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी-वाळू गेलीय.

सगळ्यात महत्त्वाचं मागचं ऑइल. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शिअल आणि हायड्रॉलिक यांचं ऑइल एकाच पेटीत असतं. पात्रातल्या पाण्यात चाकं बुडेपर्यंत गाडी घातली की सीलमधून पाणी आत जातं. डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी मिसळलंय. गाडी महिनोन् महिने उभी असेल तर डिपस्टिक फसवू शकते, कारण पाणी जड असतं आणि तळाशी बसतं. अधिकाऱ्याची परवानगी घेऊन खालचा ड्रेन प्लग एखादा आटा सैल करा. चांगल्या पेटीतून लगेच ऑइल ओघळतं. पाणी असेल तर आधी स्वच्छ पाण्याची धार येते आणि मग काळं ऑइल. तेवढ्या धारेत कळतं की आत बेअरिंग आणि गिअरच्या दातांना गंज लागला असणार. अशा ट्रॅक्टरची पेटी उघडण्याचा खर्च धरूनच बोली ठरवा.

तहसीलच्या आवारात इंजिन सुरू करून दाखवत नाहीत, आणि सुरू होईल अशी अवस्थाही बहुधा नसते. बॅटरी गेलेली, डिझेल काढलेलं, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. निदान इंजिन जाम नाही एवढं तरी बघा: गिअर न्यूट्रलला टाकून फॅन-बेल्ट ताणून धरा आणि पंखा हाताने रेटा. क्रँक थोडी तरी हलली पाहिजे.

फायनान्सचा ट्रॅक्टर बहुतेक शेतातला. तिथे नेमकं उलटं बघायचं. रोटाव्हेटर चालवून पीटीओ शाफ्टच्या खाचा झिजल्यात का, लिफ्टवर वजन उचलून इंजिन बंद केल्यावर ती किती लवकर खाली येते, लिफ्टच्या बाजूने ऑइल गळतं का. यातला खरा दोष वेगळाच असतो. हप्ते थकतात तेव्हा सर्व्हिसिंगही थकलेलं असतं. शेवटच्या वर्षभरात ऑइल बदललेलं नाही, एअर क्लीनर साफ केलेला नाही. म्हणून तासांचा आकडा कमी असला तरी भुलू नका. गाडी ओढून नेणार याची कुणकुण लागल्यावर चांगले भाग उतरवून जुने बसवण्याचे प्रकारही होतात: बॅटरी, सेल्फ, डायनामो, मागचे टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रॅक्टर २०२१ चा आणि टायर २०१४ चे असतील, तर टायर बदललेले आहेत हे नक्की, आणि मग पंपापासून सेल्फपर्यंत प्रत्येक भागाकडे त्याच नजरेने बघा.

इथे इंजिन सुरू करून दाखवतात, पण आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना हे बघा. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. थंड असताना किती सेल्फ मारावे लागतात तेच खरं. निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. भुरभुर वाफ चालेल, झाकण उडायला लागलं तर पिस्टन-लायनरचं काम आहे.

ज्याचा ट्रॅक्टर लिलावात निघालाय त्याच्यासाठी

वाळूच्या प्रकरणात वेळ लिलावाच्या आधीच असते. दंड गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो आणि वाहनाचा दंड वेगळा. तो भरून, बंधपत्र देऊन वाहन सोडवता येतं, आदेश मान्य नसेल तर अपील करता येतं. विक्री कायम होऊन पूर्ण रक्कम भरली गेली, की ती विक्री सगळ्यांविरुद्ध पक्की होते.

फायनान्सच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं सांगणं स्पष्ट आहे: ताबा घेण्याआधीच्या नोटिशीची तरतूद करारात हवी आणि विकण्यापूर्वी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी द्यायला हवी. ती संधी लेखी मागा. लिलाव झाल्यावर किती रकमेला गेला आणि खात्यात किती जमा झाले याचा उतारा घ्या. जास्तीची रक्कम तुमची असते, कमी पडली तर उरलेली बाकी तुमच्याच डोक्यावर राहते. आणि आरसीवरून तुमचं नाव निघालं का हे बघत राहा. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ट्रॅक्टर तिसऱ्याच्या शेतात चालत असला तरी दावा तुमच्या नावाने येऊ शकतो. खरेदीदारालाही घाई हवी ती याच कारणाने.

ट्रॉली

ट्रॉलीचा नंबर आणि आरसी हेडपेक्षा, म्हणजे पुढच्या ट्रॅक्टरपेक्षा, वेगळी असते. दोन्ही लिलावांत जाहिरातीत 'ट्रॅक्टर ट्रॉलीसह' लिहिलेलं असतं आणि विक्रीच्या पत्रात फक्त हेडचा नंबर येतो. पत्र हातात घेताना दोन नंबर, दोन चेसिस आहेत का ते तिथेच वाचा. यार्डातून नेतानाही चाकांवर चालवत नेऊ नका. विमा चालू नसेल तर वाटेतला अपघात अंगाशी येतो. भाड्याच्या लोबेडवर (यंत्रं वाहायच्या बुटक्या ट्रेलरवर) टाकून न्या, आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, म्हणजे त्या आधीचं चलन तुमच्या खात्यावर येणार नाही.