बाराशे किलोमीटरची सोबत: वारा, भूक आणि झोप यांचे विज्ञान

पॅरिसच्या नैर्ऋत्येला असलेल्या राँबुये या गावातून दर चार वर्षांनी, ऑगस्ट महिन्यात, सहा हजारांहून अधिक सायकलस्वार पश्चिमेकडे निघतात, अटलांटिक महासागराच्या काठावरील ब्रेस्त या बंदरापर्यंत जातात आणि तिथून पुन्हा राँबुयेला परततात. ‘पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेचे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर असून वाटेतल्या सगळ्या चढांची बेरीज अकरा-बारा हजार मीटरच्या घरात जाते. १८९१ साली ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा शार्ल तेरों या फ्रेंच सायकलपटूने ती सुमारे ७१ तासांत जिंकली होती. १९३१ पासून ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ही संस्था ती हौशी सायकलस्वारांसाठी भरवू लागली. आज तिच्यात पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो, तर बहुतेकांपुढे ९० तासांची मुदत असते, आणि त्या मुदतीत जेवणखाण, झोप, पंक्चर, रांगा असे सगळे काही धरलेले असते.

या मोहिमेसाठी पात्र ठरायचे असेल, तर त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार फेऱ्या अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत पूर्ण कराव्या लागतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर या शहरांतील सायकलपटू ज्यांना नुसते ‘बीआरएम’ म्हणतात, त्या याच फेऱ्या. त्यांचा एक नियम या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दोन कंट्रोलच्या, म्हणजे कार्डावर शिक्का घेण्यासाठी ठरवून दिलेल्या थांब्यांच्या, मधल्या रस्त्यावर मदतीची गाडी बरोबर ठेवता येत नाही, मात्र सहभागी सायकलस्वारांनी एकमेकांना कितीही मदत केली तरी चालते. साहजिकच सोबती हेच तिथले एकमेव अधिकृत साधन ठरते. या साधनाचा उपयोग नेमका कुठे होतो आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे पाहू लागलो की प्रचलित समजुतींपेक्षा वेगळे चित्र दिसते.

सर्वांत परिचित फायदा वाऱ्याच्या आडोशाचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरले, तर सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ढोबळमानाने १०० वॅट शक्ती लागते. त्यातले सुमारे ७० वॅट हवेला बाजूला सारण्यात आणि उरलेले टायर व रस्त्याच्या घर्षणात खर्च होतात. वेग ताशी ३० किलोमीटर करायचा म्हटले, तर हाच आकडा दीडशे वॅटच्या वर जातो. पुढच्या स्वाराच्या पाठीमागे कमी दाबाचा आणि भोवऱ्यांनी भरलेला एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात चाकामागे चाक ठेवून चालणाऱ्याला जाणवणारा हवेचा विरोध साधारण ३० टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. पुढच्यालाही यात थोडा लाभ मिळतो, कारण त्याच्या पाठीमागचा कमी दाबाचा भाग मागचा स्वार काही अंशी भरून काढतो. मात्र हा लाभ दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे सहसा जात नाही.

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील संशोधक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली १२१ स्वारांच्या दाट घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा घोळक्याच्या पोटात असलेल्या स्वारावरचा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के असल्याचे आढळले. ते घोळके व्यावसायिक शर्यतींतले असतात. रात्री दोन वाजता ब्रिटनीच्या, म्हणजे ब्रेस्त ज्यात येते त्या पश्चिम फ्रान्समधील प्रांताच्या, अरुंद रस्त्यावरून जाणारे पाच-सहा दमलेले स्वार तितके चिकटून चालू शकत नाहीत आणि त्यांनी तसे चालूही नये. त्यांच्यासाठी आडोशाचे खरे मोल समोरच्या वाऱ्यात आहे. ताशी १० किलोमीटरचा वारा समोरून येत असेल, तर वर सांगितलेल्या १०० वॅटचे सुमारे १६५ वॅट होतात, आणि आडोसा मिळाला तर ते १२५ पर्यंत उतरतात. वारा पडलेला असताना आडोशामुळे वीसेक वॅट वाचतात, समोरच्या वाऱ्यात चाळीस. ब्रिटनीमध्ये वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जातानाचा अर्धा प्रवास बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध होतो. येताना तोच वारा पाठीशी असला तरी जातानाचे नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही, कारण वेग कमी झाल्यामुळे विरुद्ध वाऱ्यात अधिक तास घालवावे लागतात.

चढावर मात्र हे सगळे गणित कोलमडते. पाच टक्के चढावर ताशी नऊ किलोमीटर वेगाने जाताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शंभराहून अधिक वॅट खर्ची पडतात, तर हवेसाठी तीन-चार वॅटसुद्धा लागत नाहीत. म्हणजे खंबाटकी घाट असो की ब्रेस्तच्या अलीकडचा रोक त्रेवेझेलचा लांबलचक चढ, दुसऱ्याच्या मागे राहून तिथे काहीही हाती लागत नाही. उलट आपल्या क्षमतेपेक्षा वीस-तीस वॅट जास्त लावून ‘ग्रुपला धरून ठेवणे’ हा चढावरचा सर्वांत महाग व्यवहार असतो. पॅरिस ते ब्रेस्त या वाटेवर मोठे डोंगर नसून छोटे-छोटे चढउतार अखंड येत राहतात आणि त्यामुळे घोळके सतत तुटत-जुळत असतात. अनुभवी स्वार प्रत्येक चढ आपल्या गतीने चढतात आणि माथ्यावर किंवा पुढच्या सपाटीवर पुन्हा एकत्र येतात. हा शिष्टाचार भौतिकशास्त्राला धरून आहे. सपाट रस्त्यावरही एक पथ्य पाळावे लागते. आपली पाळी आली म्हणून पुढे गेलेला उत्साही सोबती हमखास वेग वाढवतो, आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागत असल्यामुळे असा कमीजास्त होणारा वेग, सरासरी तीच राहिली तरी, सगळ्यांनाच जास्त दमवतो.

वेळेचा हिशेब मांडला तर आणखी एक गोष्ट उघड होते. ताशी २५ ऐवजी २४ किलोमीटर वेगाने गेल्यास १,२०० किलोमीटरमध्ये फरक पडतो तो दोन तासांचा. वाटेतल्या पंधरा थांब्यांवर प्रत्येकी ४० मिनिटे गेली, तर मात्र दहा तास जातात. कार्डावर शिक्का घ्यायचा, बाटल्या भरायच्या, स्वच्छतागृहात जायचे, कॅन्टीनमध्ये रांगेत उभे राहायचे, ही कामे सहा जणांनी सहा वेगवेगळ्या क्रमाने केली की सगळ्यांत सावकाश असणाऱ्याचा वेळ हाच सगळ्यांचा वेळ होऊन बसतो. आडोशाने कमावलेली मिनिटे बहुतेक गट अशा रीतीने कंट्रोलवर उधळतात. माझ्या मते तीन-चारपेक्षा मोठा गट दोन कंट्रोलच्या मधे उपयोगी आणि कंट्रोलवर तोट्याचा असतो.

आता इंधनाकडे वळू. सायकल चालवताना शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २२ ते २४ टक्के ऊर्जा पेडलपर्यंत पोहोचवते. बाकीची उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. तासभर १०० वॅट द्यायचे म्हणजे सुमारे ३७५ किलोकॅलरी खर्च होतात, आणि सायकलवर ५५ तास घालवल्यास हा खर्च वीस हजारांच्या पुढे जातो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, सगळे मिळून दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासच असते. चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही याच्या कित्येक पट असतो, पण चरबीतून ऊर्जा मिळण्याचा वेग मर्यादित असतो. श्रम मध्यम ठेवले तर शरीर चरबीवर बरेच काही भागवते आणि श्रमाची तीव्रता वाढली की ग्लायकोजनवर हात मारते. चढावर दुसऱ्याच्या मागे धावण्याची किंमत इथे दुसऱ्यांदा मोजावी लागते.

खाऊन ही भरपाई करण्यालाही आतड्याची मर्यादा आहे. ग्लुकोज रक्तात नेणारी वाहक प्रथिने तासाला साधारण ६० ग्रॅमच्या पुढे ते नेऊ शकत नाहीत. फ्रुक्टोजसाठी वेगळे वाहक असल्यामुळे दोन्ही शर्करा एकत्र घेतल्यास, आणि आतड्याला तशी सवय लावल्यास, हे प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. यासाठी महागड्या जेलच्या पाकिटांची गरज नाही. आपली नेहमीची साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते. गूळही प्रामुख्याने तसाच, त्यामुळे चिक्की, राजगिऱ्याचा लाडू आणि खजूर हे पदार्थ प्रयोगशाळेच्या निकषावरही उत्तम उतरतात. रक्तातली साखर घसरू लागली, की तिची पहिली खूण पायांत दिसेलच असे नाही. ती बऱ्याचदा स्वभावात दिसते. एरवी हसतमुख असणारा माणूस किरकोळ कारणावरून करवादला किंवा अकारण गप्प झाला, तर त्याला काही विचारण्याआधी त्याच्या हातात केळे द्यावे. त्याचे त्याला हे सहसा उमगत नाही, शेजारच्याला उमगते.

सोबतीचे सर्वांत मोठे मोल याच मुद्द्यात, म्हणजे स्वतःविषयी स्वतःला न कळणाऱ्या गोष्टींत आहे, आणि झोपेच्या बाबतीत ते सर्वाधिक जाणवते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन हे रसायन साचत जाते आणि त्याबरोबर झोपेचा दाब वाढत जातो. त्याखेरीज शरीराचे दैनंदिन घड्याळ पहाटे साधारण तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला नेते. नव्वद तासांच्या गटातील स्वार बहुतांशी रविवारी संध्याकाळी निघतात. म्हणजे दिवसभर जागे राहून ते पहिल्याच रात्री सायकलवर असतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवून दिले, की १७ तासांच्या सलग जागरणानंतर हात आणि डोळे यांचा मेळ जितका बिघडतो, तितका तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना बिघडतो, आणि २४ तासांनंतर हे प्रमाण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीचे होते. भारतात वाहनचालकांसाठी ०.०३ टक्के ही कायद्याची मर्यादा आहे. पहिल्या पहाटेलाच मुक्कामाला न थांबता निघालेला प्रत्येक स्वार या हिशेबाने ‘प्यायलेला’ असतो.

अधिक काळजीची बाब पुढे आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना दोन आठवडे रोज चार किंवा सहा तासच झोपू दिले गेले. त्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली, मात्र ‘मला किती झोप येते आहे’ हा त्यांचा स्वतःचा अंदाज थोड्याच दिवसांत एका पातळीवर थबकला. आपण ठीक आहोत, हे पेंगुळलेल्या माणसाचे म्हणणे म्हणूनच पुरावा म्हणून धरता येत नाही. उघड्या डोळ्यांनीही काही सेकंदांची डुलकी लागू शकते, आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत सायकल २१ मीटर पुढे गेलेली असते. दुसऱ्या रात्री झाडांच्या जागी माणसे दिसणे, रस्त्यावरचे डांबराचे पट्टे हलताना दिसणे, असे भास अनेकांना होतात. पुढच्या लाल दिव्यांच्या रांगेकडे तासन्‌तास एकटक बघत राहण्याने तर गुंगी वाढतेच. अशा वेळी चाकामागे चाक लावण्याचा हट्ट सोडून द्यावा, कारण दोन चाके एकमेकांना घासली की बहुधा मागचाच पडतो. शेजारी-शेजारी किंवा अंतर ठेवून चालावे आणि बोलत राहावे. उत्तर यायला वेळ लागू लागला, वाक्ये अर्धवट राहू लागली, सायकल रस्त्याच्या कडेकडे झुकू लागली, की थांबण्याचा निर्णय ज्याला झोप येते आहे त्याच्यावर न सोपवता सोबत्याने घ्यावा.

किती झोपावे, याचे उत्तर थांबण्याच्या हेतूवर अवलंबून आहे. रस्त्याकडेच्या पंधरा-वीस मिनिटांच्या डुलकीत माणूस गाढ झोपेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे उठल्यावरचे जडपण कमी असते. त्याआधी कॉफी घेतली तर कॅफीन रक्तात चढेपर्यंत डुलकी पुरी होते आणि जागे होताना दोन्हींचा लाभ एकदम मिळतो. कॅफीन अ‍ॅडिनोसिनला त्याच्या ग्राहींवर, म्हणजे मेंदूत ते जिथे चिकटून परिणाम करते त्या जागांवर, बसू देत नाही. साचलेले अ‍ॅडिनोसिन मात्र ते कमी करू शकत नाही. ते काम फक्त झोपेने होते, आणि त्यासाठी किमान दीड तासाचे, म्हणजे झोपेच्या एका पूर्ण आवर्तनाचे नियोजन ठेवावे. लुदेआकसारख्या कंट्रोलवर मोठ्या सभागृहात ओळीने खाटा मांडलेल्या असतात. उठवण्याची वेळ सांगून ठेवली, की स्वयंसेवक अंधारात बरोबर त्या खाटेपाशी येऊन पायाला हात लावून जागे करतो. गटातल्या सगळ्यांची झोपेची वेळ जुळत असेल, तरच तो गट तीन रात्री टिकतो; वेग जुळणे त्यापुढे दुय्यम आहे.

आडोशाने आलेली एक झळ शर्यत संपल्यावर कळते. दुसऱ्याच्या मागे चालताना बोटे सतत ब्रेकवर ठेवावी लागतात आणि हातांची पकड बदलण्याची मोकळीक उरत नाही. तळहाताच्या करंगळीकडील बाजूला असलेल्या मज्जातंतूवर त्यामुळे अनेक तास दाब राहतो आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. दर दहा-पंधरा मिनिटांनी रांगेतून जरा बाजूला सरून हात झटकणे, जाड हातमोजे घालणे आणि हँडल थोडे उंच ठेवणे, एवढ्याने हा त्रास बराचसा टळतो. बधिरपणा सहसा काही आठवड्यांत आपोआप जातो. मात्र बोटांची ताकद कमी झालेली असेल, किल्ली फिरवणे किंवा बटण लावणे जड जात असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडून मज्जातंतूची तपासणी करून घ्यावी.