स्लॅबला पाणी कशासाठी?

ताजा स्लॅब उन्हाने वाळतो आणि वाळल्यामुळेच कडक होतो, असा समज घर बांधणाऱ्या बहुतेक मंडळींच्या मनात असतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून; हे पाणी वेळेआधी उडून गेले, तर घट्ट होण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते. पाण्याखाली ओतलेले काँक्रीटही उत्तम रीतीने घट्ट होते, आणि पुलांच्या पायाची कितीतरी कामे याच गुणाच्या भरवशावर होतात.

चुनखडी आणि चिकणमाती यांचे बारीक दळलेले मिश्रण फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की क्लिंकरचे करडे खडे तयार होतात. त्यांत थोडे जिप्सम घालून ते दळले, की गोणीतली ओळखीची भुकटी मिळते. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये ‘पोर्टलँड सिमेंट’ या नावाने पेटंट घेतले. त्याचा माल आजच्याइतका तापवलेला नव्हता. नाव मात्र टिकले.

या भुकटीत मुख्यतः कॅल्शियमची सिलिकेटे असतात. पाणी मिळताच ती विरघळू लागतात आणि त्यांतून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा, अतिशय सूक्ष्म रचनेचा पदार्थ निर्माण होतो. तो कणाकणांमधील पोकळी भरत जातो, वाळूला आणि खडीला धरून ठेवतो, आणि काँक्रीटची ताकद प्रामुख्याने त्याचीच असते. सोबत चुनाही सुटतो, ज्याचा उपयोग पुढे येईल. जिप्सम नसते, तर सिमेंटमधील ॲल्युमिनेटामुळे घमेल्यातला माल थापी लागण्यापूर्वीच आळला असता. साध्या सिमेंटने पहिल्या ३० मिनिटांत आळू नये आणि १० तासांच्या आत पुरते आळावे, असे भारतीय मानक सांगते. रेडीमिक्सचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, ट्रक नाशिकच्या द्वारका चौकाच्या कोंडीत अडकण्याची शक्यता गृहीत धरूनच की काय, त्या मालात आळण्याची क्रिया लांबवणारे रसायन घालतात. साधी साखरही हे काम करते, तेही इतक्या अल्प प्रमाणात, की बांधकामावर चहाचे सामान मालापासून लांब ठेवलेले बरे.

खरी गफलत होते ती पाण्याच्या प्रमाणात. ५० किलोच्या एका गोणीतील सिमेंटशी रासायनिक संयोग होण्यासाठी साधारण साडेअकरा लिटर पाणी लागते. तयार होणाऱ्या पदार्थाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहणारे पाणी धरले, तर हा आकडा वीस लिटरच्या आसपास जातो. माल सळयांमध्ये नीट बसावा म्हणून थोडे पाणी अधिक घालावे लागते, हेही खरे. परंतु ‘माल पातळ कर’ अशी हाक आली, की मिक्सरमध्ये बादलीमागून बादली रिकामी होते. हे जादा पाणी कालांतराने निघून जाते आणि मागे पोकळ्या ठेवते. त्यांतून पुढे पावसाचे पाणी झिरपते आणि सळई गंजते. पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर वाढले की ताकद घटते, हा नियम अमेरिकी अभियंता डफ अब्राम्स याने १९१८ मध्येच मांडला होता.

म्हणजे मालात पाणी बेताचे हवे आणि स्लॅब आळल्यावर भरपूर हवे. गवंडी स्लॅबवर मालाच्या छोट्या बांधांनी आळी करून त्यांत पाणी साठवतात आणि कॉलमला ओले गोणपाट गुंडाळतात, ती रीत पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. कॉलमवर दिवसातून दोनदा नळीने पाणी मारून कर्तव्य उरकणे मात्र तितकेसे उपयोगाचे नाही, कारण नाशिकच्या एप्रिल-मेमधील कोरड्या वाऱ्यात तो पृष्ठभाग थोड्याच वेळात पुन्हा कोरडा होतो. स्लॅब भरल्यावर काही तासांतच वरच्या थरातले पाणी वेगाने उडाले, तर बारीक भेगाही पडतात. म्हणून उन्हाळ्यात स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी भरावा. थंडीत अडचण निराळी असते. निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो अशा रात्री रासायनिक क्रियाच मंदावते, आणि सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, काढण्याची घाई धोक्याची ठरते.

एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवसांनी सुमारे ४५ टन भार पेलतो, असे अपेक्षित असते. सातव्या दिवशी साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये यातील साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. ती २८ व्या दिवशी वाढायची थांबत नाही. ओल मिळत राहिली तर पुढेही हळूहळू वाढते.

आता बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटकडे वळू. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे एकलहऱ्यासारख्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांत उरणारी बारीक राख असते. मघाशी उल्लेखलेला चुना येथे कामी येतो: राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून आणखी बंधक पदार्थ तयार करते, त्यामुळे काँक्रीट अधिक दाट होते. ही क्रिया सावकाश चालते आणि तिला ओल अधिक काळ लागते. म्हणूनच आयएस ४५६ हे मानक साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंटसाठी किंवा कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवण्यास सांगते. नाशिकच्या उन्हाळ्यात पीपीसी वापरून भरलेल्या स्लॅबला ही दोन्ही कारणे लागू होतात. त्याच्यावरची आळी सातव्या दिवशी फोडू नयेत.