विनाइल फ्लोअरिंग

विनाइल फ्लोअरिंग म्हणजे जुन्या फरशीवर किंवा कोब्यावर अंथरायचं नाहीतर चिकटवायचं पीव्हीसी या प्लास्टिकचं आच्छादन. दुकानात कोणी याला पीव्हीसी कार्पेट म्हणतं, कोणी नुसतं मॅट, आणि जुनी माणसं सरळ लिनोलियम म्हणतात. पण लिनोलियम वेगळं, ते १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने जवसाच्या तेलापासून काढलं, त्यात पीव्हीसी नसतंच. पीव्हीसी मुळात कडक, ते अमेरिकेत वॉल्डो सीमनने १९२६ मध्ये मऊ करून दाखवलं, १९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात विनाइलच्या टाइल्स लोकांपुढे आल्या, आणि घराघरात पोचल्या त्या दुसरं महायुद्ध संपल्यावर.

आपल्याकडे याची गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. एक भाड्याने राहणारी, ज्यांना घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, आणि दुसरी स्वतःचा जुना फ्लॅट असलेली, ज्यांना डागाळलेलं मोझॅक बघवत नाही पण फरशी फोडायची म्हणजे धूळ, राडारोडा, सोसायटीची परवानगी आणि खालच्या मजल्यावाल्यांची कटकट, ते नको असतं.

प्रकार मोजकेच. रोलमध्ये मिळणारं पातळ शीट, साधारण १ ते २ मिमी, सगळ्यात स्वस्त. मग लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, म्हणजे प्लँक, गोंदाने चिकटवायच्या. आणि एसपीसी, ज्यात चुनखडीची पावडर आणि पीव्हीसी मिळून कडक गाभा केलेला असतो, जाडी ४ ते ६ मिमीच्या आसपास, पट्ट्या एकमेकींत क्लिक करून बसतात, गोंद लागत नाही.

निवडताना सगळे डिझाइन बघतात, सागवान की अक्रोड यावर घरात भांडणं होतात, आणि खरी विचारायची गोष्ट राहून जाते, ती म्हणजे वेअर लेयर. डिझाइन हे छापलेलं चित्र असतं, त्याच्यावर जो पारदर्शक थर असतो तोच झिजतो, तो गेला की सागवानही गेलं. बेडरूमला ०.३ मिमी पुरतो, हॉलमध्ये खुर्च्या सरकत असतील किंवा घरात कुत्रा असेल तर ०.५ बघावा. एकूण जाडी जास्त म्हणजे माल टिकाऊ, असं दुकानदार सांगतो, ते तेवढं खरं नाही.

दुसरी गोष्ट खालची जमीन. विनाइल खालचं सगळं वर दाखवतं, फरशीच्या सांध्यातली खाच, उचललेला कोपरा, झाडायचा राहिलेला खडा, पातळ शीट असेल तर महिन्याभरात त्याची नक्षी वर उमटते. सांधे भरून, जमीन लेव्हल करून मगच काम करावं. तळमजल्यावर आधी ओल तपासायची, हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने फरशीला चिकटवून एक दिवस ठेवायचा, खाली दव धरलं तर थांबायचं. कोकणात किंवा मुंबईत ही तपासणी मे महिन्यात करून उपयोग नाही, पावसाळ्यात करावी. वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते पट्टीपुरतं खरं असतं, सांध्यातून किंवा कडेने खाली गेलेलं पाणी तिथेच बसतं, कुबट वास यायला लागतो आणि वरून काहीच दिसत नाही.

क्लिकवाल्या पट्ट्यांना भिंतीकडेने ६ ते ८ मिमी फट सोडावी लागते, स्कर्टिंगने, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीने, ती झाकली जाते. गॅलरीच्या काचेतून दुपारचं ऊन पडतं तिथे विनाइल प्रसरण पावतं आणि फट नसेल तर मधूनच तंबूसारखं उचलतं. आणि दारं! ५ मिमीने जमीन वर आली की दार घासतं, हे सगळं बसवून झाल्यावर लक्षात येतं आणि मग सुतार शोधत फिरा (आमच्याकडे बेडरूमचं दार चार दिवस भिंतीला टेकून उभं होतं).

निगा सोपी आहे. मऊ झाडू, घट्ट पिळलेलं फडकं, पाण्यात थोडं सौम्य साबण, बस. बाथरूमचं ॲसिड, घासायची तारेची जाळी आणि स्टीम मॉप नको, वाफेने गोंद सुटतो. रबराच्या तळाचं पायपुसणं मात्र कधीच ठेवू नये, रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरतात आणि वर्षभराने उचललं की बरोबर पायपुसण्याच्याच आकाराचा पिवळा-तपकिरी डाग राहतो, तो पुसून जात नाही कारण तो वरवरचा नसतोच. हळद सांडली तर लगेच पुसा. देवघरापुढे समई खाली ताट ठेवून लावा, उदबत्तीची राख नुसती पडली तर चालते पण निखारा पडला की तिथे वितळून छोटा खड्डा होतो.

असा खड्डा शीटवर पडला तर उरलेला तुकडा वर ठेवून, डिझाइन जुळवून, दोन्ही थर एकदमच कटरने कापतात, म्हणजे नवा तुकडा जुन्या भोकात नेमका बसतो. त्यासाठी काम झाल्यावर कारागिराला उरलेला माल नेऊ देऊ नये, माळ्यावर सपाट टाकून ठेवावा, दोन वर्षांनी तेच डिझाइन दुकानात मिळेल याची खात्री नसते.