‘गो-गोज’ पहिल्या क्रमांकावर पोचल्या, त्याआधीची वीस वर्षं

मार्च १९८२मध्ये ‘ब्यूटी अँड द बीट’ हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिला आला आणि सहा आठवडे तिथेच राहिला. लॉस एंजेलिसच्या ‘द गो-गोज’मध्ये पाचजणी होत्या. गाणी त्यांनीच रचलेली, वाद्यंही त्याच वाजवत. अशा बँडचा अल्बम या यादीत पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. ‘सुप्रीम्स’ १९६६मध्येच तिथे पोचल्या होत्या, पण त्या तिघी गायिका. वाद्यं त्यांच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे पुरुष वादक वाजवत. गर्ल ग्रुप आणि बँड यांतला हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही.

१९६२च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘गोल्डी अँड द जिंजरब्रेड्स’ हा केवळ स्त्रियांचा बँड उभा राहिला. आधी डेका, मग अटलांटिक अशा बड्या कंपन्यांनी त्यांना करारबद्ध केलं. ‘कान्ट यू हिअर माय हार्टबीट’ हे त्यांचं गाणं १९६५मध्ये ब्रिटनमध्ये २५व्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत मात्र तेच गाणं ‘हर्मन्स हर्मिट्स’ या मुलांच्या बँडने गाजवलं आणि दुसऱ्या क्रमांकावर नेलं. त्या काळी यश सिंगलवर, म्हणजे सुट्या गाण्याच्या रेकॉर्डवर, मोजलं जाई. सिंगल चालला नाही की कंपनी अल्बमवर पैसे घालत नसे. जिंजरब्रेड्सचा अल्बम निघालाच नाही.

ती कसर ‘फॅनी’ने भरून काढली. जून (गिटार) आणि जीन (बेस) या मिलिंग्टन बहिणी मनिलाहून १९६१मध्ये कॅलिफोर्नियात आल्या होत्या. ॲलिस डी बूर ड्रम्सवर, निकी बार्कले कीबोर्डवर. रिप्रीझ कंपनीने १९७०मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. बड्या कंपनीने काढलेला, केवळ स्त्रियांच्या रॉक बँडचा हा पहिला पूर्ण अल्बम मानला जातो. त्यांचं ‘चॅरिटी बॉल’ हे गाणं अमेरिकेत १९७१मध्ये ४०व्या क्रमांकावर पोचलं. ‘बटर बॉय’ १९७५मध्ये २९व्या क्रमांकापर्यंत चढलं, तोवर बँड मोडला होता. आज ऐकताना जीनचा बेस आणि जूनची स्लाइड गिटार यांकडे मुद्दाम कान द्यावा. या बँडला उशिरा का होईना मान का मिळाला, ते तिथे कळतं.

१९७५मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘द रनअवेज’ जमला. जोन जेट, ड्रमर सँडी वेस्ट, लिटा फोर्ड, शेरी करी, जॅकी फॉक्स या सगळ्या किशोरवयीन. ‘चेरी बॉम्ब’ हे त्यांचं गाणं अमेरिकेत फारसं चाललं नाही, जपानमध्ये मात्र बँड तुफान लोकप्रिय झाला. १९७९मध्ये तो फुटला.

‘गो-गोज’ १९७८मध्ये हॉलिवूडच्या पंक (वेगवान, खडबडीत रॉक) वर्तुळात तयार झाल्या, तेव्हा वाद्यांवरचा हात कच्चाच होता. १९७९मध्ये बाल्टिमोरहून आलेली ड्रमर जीना शॉक मिळाल्यावर नियमित तालमी सुरू झाल्या. १९८०च्या अखेरीस कॅथी व्हॅलेंटाइन बेसवर आली. ती मुळात गिटारवादक, तरी काही दिवसांत तिने सगळी गाणी बसवली. बड्या कंपन्या नकार देत राहिल्या, कारण बायकांच्या बँडने पैसा करून दिल्याचा दाखला त्यांच्यापुढे नव्हता. शेवटी आयआरएस या छोट्या कंपनीने करार केला.

‘ब्यूटी अँड द बीट’चा निर्माता रिचर्ड गोटेररने गाण्यांची लय मुद्दाम उतरवली. पंकच्या वेगात शब्द एकमेकांवर चढतात आणि चाल कानात राहत नाही. ‘वी गॉट द बीट’चा १९८०चा स्टिफ कंपनीचा सिंगल आणि अल्बममधलं रूप लागोपाठ ऐकावं. सुरुवातीचे शॉकचे टॉम्स (ड्रम-संचातले खोल आवाजाचे ड्रम) दुसऱ्या रूपात कितीतरी मोकळे वाजतात. आपला पंक गेला म्हणून बँड आधी फार नाराज होता. माझ्या मते गोटेररचा निर्णय बरोबर होता. हे गाणं तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, आणि पहिल्यावर होतं ‘आय लव्ह रॉक एन रोल’, म्हणजे रनअवेजमधली जोन जेटच.

बँड पोखरला तो पैशाने. गाणं लिहिणाऱ्याला दर प्रतीमागे वेगळी रॉयल्टी मिळते, नुसतं वाजवणाऱ्याला ती मिळत नाही. अमेरिकेत १९८१पासून हा कायदेशीर दर गाण्यामागे ४ सेंट होता. दहा लाख प्रती खपल्या, तर पूर्ण दराने एका गाण्याचे ४० हजार डॉलर. त्यात गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाचा वाटा. अल्बममधली बहुतेक गाणी बँडमधल्या शार्लट कॅफी आणि जेन वीडलिन यांच्या नावावर होती. ‘अवर लिप्स आर सील्ड’ हे वीडलिन आणि ‘द स्पेशल्स’ या ब्रिटिश बँडचा टेरी हॉल यांचं. एकाच व्हॅनमधून फिरणाऱ्या पाचजणींच्या कमाईत त्यामुळे मोठी तफावत पडली. वीडलिन १९८४मध्ये बाहेर पडली, १९८५मध्ये बँड संपला.

पुढची मोठी झेप ‘द बँगल्स’ या लॉस एंजेलिसच्याच स्त्रियांच्या बँडची. त्यांचं ‘मॅनिक मंडे’ हे गाणं प्रिन्स या गायकाने टोपणनावाने लिहिलेलं, ‘वॉक लाइक अॅन इजिप्शियन’ लियम स्टर्नबर्गचं. हे दुसरं गाणं १९८६च्या डिसेंबरात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे टिकलं. पण त्याच्या ध्वनिमुद्रणात वादकाऐवजी ड्रम मशीन वापरलं होतं. बँडची ड्रमर डेबी पीटरसन हिला त्या गाण्यात मुख्य गायनाची ओळही मिळाली नाही. मंचावर ते सादर होताना तिच्या हाती डफली असे.