दार फोडण्याची घाई

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि पुढचा आठवडाभर शाळा, कचेऱ्या, रुग्णालये आणि कारखाने यांच्या आवारांत आग विझवण्याची प्रात्यक्षिके होतात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला व आग विझवणारे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या प्रात्यक्षिकांचा साचा नागपुरातही ठरलेलाच असतो. मोकळ्या मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये इंधन पेटवायचे, ज्वाळा कमरेइतक्या झाल्या की एका जवानाने वाऱ्याकडे पाठ करून सिलिंडरची पिन ओढायची, दहा सेकंदांत आग विझवायची आणि मग टाळ्या. आग सुरू होतानाच ती कशी दडपावी हे त्यातून शिकता येते, हे खरे आहे. परंतु मैदानाला छत नसते, आणि छत नसलेल्या आगीवरून घरातल्या आगीची कल्पना केली तर ती जवळजवळ उलटी होते. घराला आग लागल्यावर रस्त्यावरची गर्दी ‘काचा फोडा, दार तोडा, पाणी मारा’ असे ओरडते, त्याचे मूळ या उलट्या कल्पनेत आहे. दारापाशी आलेला अधिकारी मात्र अनेकदा आधी दार घट्ट बंद ठेवायला सांगतो, आणि लोकांना वाटते की बंब येऊनही हे नुसते उभे आहेत.

लाकूड, कापूस, फोम किंवा प्लास्टिक ज्वाळेने जळताना दिसते तेव्हा तो घन पदार्थ स्वतः जळत नसतो. उष्णतेने त्याचे विघटन होऊन जे वायू बाहेर पडतात ते हवेत मिसळून पेटतात. मैदानात न जळलेले वायू आणि काजळी आकाशात निघून जातात. खोलीत ते छताला अडतात आणि तेथे साचत जातात. गादी किंवा सोफा पेटल्यानंतर थोड्याच वेळात छताखाली काळ्या धुराचा थर तयार होतो आणि तो खाली उतरू लागतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोकार्बन वायू असतात, काजळीचे कण असतात, आणि यांतले बहुतेक सारे अजून जळू शकते. म्हणून प्रशिक्षित जवानाच्या लेखी धूर हे डोक्यावर टांगलेले इंधन असते.

आता हा थर काय करतो ते पाहू. तापलेली कोणतीही वस्तू किरणांच्या रूपाने उष्णता फेकते आणि तिचे प्रमाण केल्व्हिनमधील तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते, हा स्टेफान-बोल्ट्झमन यांचा नियम आहे. धुराचा थर ३०० अंश सेल्सिअसला असताना, म्हणजे ५७३ केल्व्हिनला, तो दर चौरस मीटरमागे जास्तीत जास्त ६ किलोवॉट उष्णता खाली फेकू शकतो. तोच थर ६०० अंशांवर गेला की ही मर्यादा १२ वर न थांबता ३३ किलोवॉटांच्या आसपास पोहोचते. काही उष्णता वाटेत आणि कोपऱ्यांत गमावली, तरी जमिनीपर्यंत चौरस मीटरला २० किलोवॉट सहज पोहोचतात. नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी डोक्यावरचा सूर्य चौरस मीटरला सुमारे १ किलोवॉट देतो. म्हणजे असे वीस सूर्य एकाच वेळी खोलीच्या फरशीवर तळपू लागतात. अशा वेळी आगीपासून दूर कोपऱ्यात पडलेले वर्तमानपत्र, पडदा, लाकडी खुर्ची यांतून एकदम वायू सुटू लागतात आणि काही सेकंदांत सगळी खोली पेटते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. ‘आग पसरली’ असे आपण सहज म्हणतो, पण येथे आग एका वस्तूवरून दुसरीवर सरकत गेलेली नसते. सगळ्या वस्तू वरून एकाच वेळी तापून एकत्र पेटलेल्या असतात. पूर्ण पोशाख आणि श्वसनयंत्र घातलेला जवानही या अवस्थेत मोजके सेकंदच टिकू शकतो.

दर उन्हाळ्यात ‘कडक उन्हामुळे आग लागली’ अशा बातम्या येतात, त्यांचाही येथेच निकाल लावता येईल. कागद पेटायला साधारण २३० अंश लागतात आणि लाकडाला तीनशेच्या पुढे जावे लागते. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, समाजमाध्यमांवर एक दिवस गहजब झाला आणि तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. पण तो आकडा खरा असता तरी त्याने कागदाचा कपटाही पेटला नसता. उन्हाळ्यात आगी वाढतात त्या वाळलेले गवत, कूलर आणि वातानुकूलन यंत्रांच्या भाराने तापलेल्या जुन्या तारा, सैल जोडण्या अशा कारणांनी. तेव्हा सूर्याला दोष देण्याआधी मीटरची पेटी उघडून पाहिलेली बरी.

दाराचा प्रश्न समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. १९१७ साली ब्रिटिश संशोधक थॉर्नटन यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली आणि १९८० मध्ये अमेरिकी संशोधक हगेट यांनी ती आगीच्या शास्त्रात पक्की केली: बहुतेक नेहमीचे सेंद्रिय पदार्थ जळताना, खर्च झालेल्या दर किलो प्राणवायूमागे जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे १३ मेगाज्यूल उष्णता देतात. इंधन कापूस आहे की प्लास्टिक, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून आग किती मोठी होणार याचा अंदाज इंधनाकडे न पाहता हवेकडे पाहूनही बांधता येतो. १२ चौरस मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा आणि तिच्यात सुमारे १० किलो प्राणवायू असतो. हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४-१५ टक्क्यांवर आला की ज्वाळा मंदावू लागतात, म्हणजे त्यातला एक तृतीयांशच कामी येतो. तेवढ्यातून निघणारी उष्णता ४० मेगाज्यूलच्या आसपास. एक मेगावॉटची, म्हणजे सेकंदाला एक मेगाज्यूल उष्णता देणारी आग, आणि एकटा सोफाही त्याहून मोठी आग देऊ शकतो, हा साठा मिनिटभरात संपवते. दारेखिडक्या नीट बंद असतील तर ती आग स्वतःच गुदमरते.

आता दार उघडा. ९० सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर उंच दारातून, वरच्या अर्ध्या भागातून तापलेला धूर बाहेर आणि खालच्या अर्ध्या भागातून थंड हवा आत, असा प्रवाह सुरू होतो. दाराचे क्षेत्रफळ गुणिले उंचीचे वर्गमूळ आणि त्याचे निम्मे, या ठोकताळ्याने दर सेकंदाला सव्वा किलोहून अधिक हवा आत शिरते आणि ती जवळपास चार मेगावॉटची आग पोसू शकते. गुदमरलेली, धुमसणारी खोली एका उघड्या दारामुळे पूर्ण पेटण्याच्या अवस्थेला जाते. आत इंधनवायू फार साचले असतील आणि प्राणवायू फार उतरला असेल तर आत शिरलेली हवा त्यांच्यात मिसळत जाते, कोठेतरी निखाऱ्याला भिडते, आणि आगीचा लोळ दारातूनच बाहेर झेपावतो. हा बॅकड्राफ्ट. दार उघडणे आणि लोळ येणे यांच्यात काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो, आणि धोका नेमका तेथे आहे, कारण तोवर जवान आत गेलेले असतात.

आपल्या शहरात या हिशेबात एक भर घालावी लागते आणि परदेशी पुस्तकांत ती सहसा सापडत नाही. नागपूरच्या खिडकीला उन्हाळ्यात कूलर असतो. तो बाहेरची हवा ओढून आत फेकतो. ताशी ३००० घनमीटर हवा फेकणारा कूलर म्हणजे सेकंदाला सुमारे एक किलो हवा. दार बंद असले तरी कूलर चालू आहे तोवर ही खोली गुदमरणार नाही. तिला एका उघड्या दाराच्या तोडीचा पुरवठा चालूच आहे. शिवाय कूलरच्या बाजूंना लावलेल्या वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक तासांच्या ताट्या पाणी संपल्यावर कोरड्या ठणठणीत होतात. म्हणून अशा घरासमोर पोहोचल्यावर वीजपुरवठा तोडायला सांगण्यामागे जवानाला शॉक लागू नये एवढेच कारण नसते.

दारापाशी आलेला जवान मग काय पाहतो? दाराच्या फटींतून धूर येत आहे की फटी धूर आत ओढत आहेत. दोन्ही आलटून पालटून होत असेल तर आतली आग हवेला आसुसलेली आहे. दारावर वरपासून खालपर्यंत थोडे पाणी शिंपडले तर ते एका रेषेच्या वर लगेच वाळते आणि खाली ओघळते. ती रेषा म्हणजे आतल्या तप्त थराचा तळ. खिडकीच्या काचा तपकिरी, तेलकट दिसत आहेत का. रंगाला फोड आले आहेत का. मग दार वीतभर उघडायचे, छताखालच्या थरात एक-दोन आखूड फवारे सोडायचे, दार पुन्हा लावायचे, आणि मोजत थांबायचे. रस्त्यावरून बघणाऱ्याला हे घाबरल्यासारखे दिसते.

हे आखूड फवारे हा मला या विषयातला सर्वांत आवडता भाग आहे. पाण्याची वाफ १०० अंशांना सुमारे १७०० पट जागा व्यापते, तेव्हा आत पाणी मारले की वाफेने दाब वाढणार असे वाटते. पण ६०० अंशांचा एक घनमीटर धूर १०० अंशांवर आणायला जेमतेम ८५ मिलिलिटर पाणी पुरते. त्याची वाफ ०.१४ घनमीटर होते. तो धूर मात्र थंड होऊन ०.४३ घनमीटरवर आकसतो. दोन्हींची बेरीज ०.५७. म्हणजे थेंब हवेतच वाफाळले तर खोलीतला वायू फुगण्याऐवजी जवळपास निम्मा होतो. खोलीच्या वरच्या अर्ध्या भागासाठी तात्त्विक हिशेबाने दीड लिटर पाणी पुरे, आणि मिनिटाला १०० लिटर सोडणाऱ्या ब्रँचचा, म्हणजे होजच्या टोकावरच्या नळीचा, एका सेकंदाचा फवारा त्याहून थोडा जास्तच असतो. अट एवढीच की थेंब मिलिमीटरच्या काही दशांशांचे असावेत. जाड धार मारली तर पाणी थर भेदून तापलेल्या भिंतीवर आदळते; मग वाफेची उष्णता भिंतीतून येते, धूर आकसत नाही, आणि दहा लिटर पाण्याची १७ घनमीटर वाफ अर्धी खोली व्यापून जवानाच्याच अंगावर येते. प्रत्यक्षात थेंबांचा काही भाग नेहमीच वाया जातो, त्यामुळे पाणी हिशेबापेक्षा जास्त लागते. दिशा मात्र बदलत नाही.

हे वाचून समजते, पण हातात येत नाही. म्हणूनच स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात जहाजी कंटेनरमध्ये लाकडी फळ्या पेटवून शिकवण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. शिकाऊ जवान कंटेनरच्या खालच्या भागात बसतात, थर उतरताना पाहतात, त्यात ज्वाळांच्या जिभा फिरू लागल्या की फवारा सोडतात आणि थर मागे सरकताना पाहतात. नागपूरकरांना आपल्या गावात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे याचा अनेकदा विसर पडतो. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झालेली ही संस्था १९५७ मध्ये नागपूरला आली आणि देशभरातील अग्निशमन दलांचे अधिकारी येथे शिकून जातात.

शिकवण्यातला सर्वांत अवघड भाग नेतृत्वाचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन अधिकारी घटनास्थळी निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला. हे अधिकारी पर्यायांची तुलना क्वचितच करतात, असे त्यांना आढळले. समोरचे दृश्य पूर्वी पाहिलेल्या कोणत्या नमुन्याशी जुळते ते ते ओळखतात, त्याला साजेशी पहिली कृती मनातल्या मनात चालवून पाहतात, आणि ती बिघडत नसेल तर हुकूम देतात. क्लाइन यांनी नोंदवलेल्या एका घटनेत अधिकाऱ्याने स्वयंपाकघरातील आगीवर पाणी मारूनही ती हटेना, दिवाणखाना अपेक्षेपेक्षा गरम आणि आगीचा आवाज अपेक्षेपेक्षा कमी, म्हणून कारण न कळताच सर्वांना बाहेर काढले. क्षणभरात ते उभे होते ती जमीन कोसळली. आग तळघरात होती. त्या अधिकाऱ्याची स्वतःची समजूत होती की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. आपल्याकडे अशा प्रसंगानंतर ‘देवानेच हाक दिली’ असे म्हणून विषय संपतो. परंतु जमिनीने आवाज अडवला, उष्णता खालून आली आणि पाणी आगीच्या मुळावर पडलेच नाही, ही तीन निरीक्षणे त्याच्या अनुभवाशी जुळत नव्हती, एवढेच तेथे घडले होते. शक्ती मानली की ती दुसऱ्याला देता येत नाही. नमुना मानला तर शिकवता येतो. मोठ्या आगी एका जवानाच्या वाट्याला फार येत नाहीत, तेव्हा हे नमुने कंटेनरमध्ये, जुन्या घटनांच्या चर्चेत आणि ठाण्यावरच्या रोजच्या कवायतीत भरून घ्यावे लागतात.

सज्जतेचा हिशेबही असाच कोरडा असतो. श्वसनयंत्राच्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ३०० पट दाबाने सुमारे २००० लिटर हवा मावते. शांतपणे काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो, जिना चढून होज ओढणारा ६० किंवा त्याहून जास्त. म्हणजे कागदावरची पाऊण तासाची हवा अर्ध्या तासावर येते, आणि ५०-५५ बारला हवा संपत आल्याची शिटी वाजू लागते तेव्हा जवान दाराशी असायला हवा, वाटेत नव्हे. सकाळच्या पाळीला दाबमापकावर ३०० ऐवजी २४० दिसत असतील तर त्यातली कितीतरी मिनिटे बंब निघण्याआधीच गेलेली असतात. इतवारीच्या जुन्या बाजारातल्या अरुंद गल्लीत बंब दूर उभा करावा लागला तर होजच्या लांबीची आणि चालण्याची भर वेगळी. बाहेर उभा असलेला अधिकारी कोण किती वाजता, किती दाबाने आत गेला हे फळ्यावर मांडतो, आणि परत फिरण्याची वेळ सर्वांत जास्त हवा घेणाऱ्या माणसावरून ठरवतो.

या अधिकाऱ्याला गर्दीकडून उपयोग होतो तो माहितीचा. आत कोणी आहे का आणि शेवटचे कोठे दिसले. आग कोणत्या खोलीत, तिचे दार लावले आहे की उघडे. कूलर चालू आहे का आणि मीटर कोठे. गॅसचे सिलिंडर किती आणि कोठे. बाहेर पडताना ज्याने खोलीचे दार ओढून घेतले आणि खिडकीची काच फोडली नाही, त्याने आतला प्राणवायू तेवढ्यावरच रोखलेला असतो.